वाचक विचारतात : किस्सा झकास, पण पहिल्यांदा सांगितला कोणी?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच प्रकारच्या पुस्तकांबद्दल आहेत. इतिहासातल्या माणसांचे एक-दीड पानाचे, चकित करणारे, खरे प्रसंग सांगणारी ही पुस्तकं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दीडशे किश्श्यांचं पुस्तक दोन रात्रींत संपवलं. वाचताना मजा आली, पण आठवड्याभरानं एकही किस्सा धड सांगता येईना. कोणाचा कोणता, तेही गुंतलं. वय झालं म्हणायचं का? (एक निवृत्त वाचक, चोपडा)

वयाचा दोष नाही, वेगाचा आहे. हे किस्से बहुतेक एकाच साच्यातले असतात : मोठं नाव, साधा प्रसंग आणि शेवटच्या दोन ओळींत कलाटणी. एकामागून एक तीस वाचले की साचा तेवढा डोक्यात राहतो आणि माणसं एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. म्हणून एका बैठकीला तीनच वाचा, आणि तेही वेगवेगळ्या शतकांतले, वेगवेगळ्या धंद्यांतले : एक राजा, एक शास्त्रज्ञ, एक लेखक किंवा चित्रकार. पुस्तक पहिल्या पानापासून क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही. सारखे किस्से एका प्रकरणात कोंबलेले असतात, तिथंच गोंधळ सर्वांत जास्त होतो. शेवटी नावांची सूची असेल तर तिथून सुरुवात करणं उत्तम.

वाचून झालं की पुस्तक मिटा आणि चार वाक्यांत मोठ्यानं सांगा. कोण, कुठं आणि कधी, काय अपेक्षित होतं, काय झालं. यातलं तिसरं वाक्य बहुतेक जण गाळतात आणि किस्सा तिथंच मरतो. उदाहरण घ्या. सॅम्युअल पीप्स हा इंग्लंडच्या नौदल खात्यातला अधिकारी. सप्टेंबर १६६६, लंडन पेटलेलं. अशा वेळी माणूस पैसाअडका आणि कागदपत्रं हलवतो, तशी त्यानंही हलवली. पण ४ सप्टेंबरला त्यानं बागेत खड्डा खणून वाइनच्या जोडीला आपलं परमेसान चीजही पुरलं. इटलीहून येणारं ते चीज तेव्हा चांगलंच महाग होतं, हे कळलं की हसू येतं आणि माणूसही पटतो. आणखी एक गोष्ट जोडा : हे दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही, पीप्सनं स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. या पाचव्या वाक्याचं महत्त्व पुढच्या उत्तरात येईलच.

पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीनं तीन खुणा पुरतात. सांगण्याजोगा असेल तर टिंब, तपासायचा असेल तर प्रश्नचिन्ह, पुन्हा नको असेल तर फुली. वाचनालयाचं असेल तर हेच एका चिठ्ठीवर करा आणि पान क्रमांक लिहा. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करणाऱ्यांबद्दल ग्रंथपालांचं मत इथं छापण्यासारखं नसतं.

प्रश्न : वर्गात तास संपता संपता असा एखादा किस्सा सांगते. हल्ली मुलं विचारतात, "मॅडम, हे खरं आहे का?" पुस्तकात आधार दिलेला नसतो. संशोधक नसलेल्या माणसानं खरंखोटं ओळखायचं कसं? (एक शिक्षिका, अमळनेर)

पहिला प्रश्न एकच विचारायचा : हे सर्वांत आधी कोणी सांगितलं आणि घटनेनंतर किती वर्षांनी? निम्मे किस्से इथंच निवडले जातात. आपल्याच भागातली उदाहरणं घेऊ, म्हणजे मुलांनाही जवळची वाटतील.

लीलावतीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. भास्कराचार्यांनी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढला, वेळ मोजायचं, तळाला छिद्र असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडलं, मुलगी वाकून पाहत असताना तिच्या अंगावरचा मोती आत पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला. मग तिचं नाव राहावं म्हणून वडिलांनी गणिताचा ग्रंथ तिच्या नावे लिहिला. आता वर्षं मांडा. भास्कराचार्य आपला जन्म शके १०३६ म्हणजे १११४चा सांगतात आणि ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी रचला असं म्हणतात, म्हणजे ११५०. मोत्याची गोष्ट येते ती दरबारी कवी फैजीनं अकबराच्या सांगण्यावरून केलेल्या फारसी भाषांतरात, १५८७ साली. मध्ये चारशे सदतीस वर्षं. उलट चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात १२०७चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं काढलेला मठ हे सगळं त्यात आहे. घटिकापात्र आणि मोती नाहीत. ग्रंथात लीलावतीला हाक मारून गणितं घातली आहेत हे खरं, पण ती कोण, हे त्या हाकेवरून ठरत नाही. वर्गात सांगायचं तर दोन्ही सांगा, आणि वर्षांसकट सांगा. "आजोबांची पुस्तकं शिकवायला नातवानं मठ काढला आणि तो दगड अजून आहे" हा किस्सा मोत्याच्या गोष्टीपेक्षा कमी चकित करणारा नाही, असं आमचं मत.

दुसरा प्रश्न : सांगणाऱ्याचा यात फायदा काय? अकबराचा धाकटा मुलगा दानियाल १६०५ साली बऱ्हाणपुरात वारला. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा ते खानदेशाचं मुख्य ठाणं, आणि अकबरानं याच मुलाच्या नावावरून खानदेशाचं 'दानदेश' केलं होतं. दारूनं पोखरलेल्या दानियालवर बापानं पहारे बसवले. त्यानं नोकरांना गळ घातली. शेवटी एकानं बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत नेली, नळीतला गंज आणि बारुदाचा मळ तिच्यात उतरला, आणि ती पिऊन तो गेला. बंदूकही त्याची आवडती. तिला त्यानं नाव दिलं होतं 'यक्का-उ-जनाजा', म्हणजे जिची गोळी लागेल तो थेट तिरडीवर. इतकं जुळून आलेलं ऐकलं की शंका यायलाच हवी. पण हे सांगणारा आहे जहांगीर, दानियालचा सावत्र भाऊ, आपल्या आत्मचरित्रात, घटनेनंतर काहीच वर्षांनी. म्हणजे काळाचं अंतर कमी. मात्र तो गादीचा दुसरा हक्कदार होता, हे विसरायचं नाही. आता गंमत अशी की त्याच आत्मचरित्रात जहांगीर स्वतः दिवसाला वीस पेले दुबार गाळलेली दारू प्यायचो असं कबूल करतो. स्वतःची लाज न झाकणाऱ्याचा शब्द जरा जड धरायला हरकत नाही. तरी सांगताना "जहांगीरनं लिहिलंय की" हे तीन शब्द पुढे लावावेत.

तिसरा प्रश्न : वस्तू काही सांगते का? अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपलं नाव कोरलं आहे. शिकारीला आलेला साहेब, वाघ, गुराख्याचा पोरगा हा सगळा मसाला प्रत्येक गाईडच्या तोंडी वेगळा असतो. नाव आणि तारीख मात्र लेण्यात आहे. ते नाव आज आपल्या डोळ्यांच्या बरंच वर दिसतं. साहेब उंच नव्हता, तेव्हा लेण्यात दगडमाती साचलेली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता. सहलीला नेलं तर मुलांना आधी विचारा, "इतक्या उंचावर हात कसा पोचला?" उत्तर त्यांनाच शोधू द्या.

जाता जाता, नावाच्या सापळ्याबद्दल. वर सांगितलेली पीप्सची रोजनिशी लघुलिपीत होती. ती केंब्रिजमध्ये उलगडायला घेतली तीही १८१९ सालीच आणि उलगडणाऱ्याचं नावही जॉन स्मिथ. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाव आणि साल जुळलं म्हणून माणूस एकच, असं धरून किती किस्से बिघडले असतील!

चौथी कसोटी हिशेबाची. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. पहिलं २१ फेब्रुवारी १९३२ला, शेवटचं १९ जून १९३२ला. फोनच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन पाहा. दोन्ही दिवस रविवार आहेत, १९३२ लीप वर्ष होतं हे धरून या दोन तारखांसकट मोजले तर रविवार भरतात बरोबर अठरा, आणि अध्यायही अठरा. इतकं काटेकोर जुळलं की तारखा विश्वासानं सांगाव्यात. उलट एखाद्या पुस्तकात "त्या सोमवारी" असं लिहिलेलं असावं आणि कॅलेंडर गुरुवार दाखवावं, तर त्या किश्श्याचा बाकीचा तपशीलही कोणीतरी नंतर भरलेला असतो.

हिशेबातच मापांची फसगत येते. नेपोलियन ठेंगू होता, हा किस्सा त्यातूनच फोफावला. त्याची उंची नोंदली गेली ५ फूट २ इंच, पण ती फ्रेंच मापात. जुना फ्रेंच फूट सुमारे ३२.५ सेंटिमीटरचा आणि इंच २.७ सेंटिमीटरचा. गुणाकार करा, साधारण १६८ सेंटिमीटर येतात. इंग्रजी मापात तेच आकडे वाचले की १५७ होतात. त्या काळच्या फ्रेंच माणसांत तो ठेंगणा नव्हता. इंग्रज व्यंगचित्रकारांनी उरलेलं काम केलं.

आणि एक ठोकताळा : तोच चटकदार संवाद तीन वेगवेगळ्या थोरांच्या तोंडी सापडला, तर बहुतेक तो तिघांपैकी कोणाचाच नसतो.

प्रश्न : आमच्याकडं सर्रास सांगतात की ताजमहाल आधी बऱ्हाणपुरात तापीकाठी बांधायचा होता, पण जमीन भुसभुशीत निघाली. एका पुस्तकातही वाचलं. खरं का? (एक वाचक, रावेर)

यातला खरा भाग मोठा आहे. मुमताज महल जून १६३१मध्ये बऱ्हाणपुरातच चौदाव्या बाळंतपणात वारली. तिचं पहिलं दफन तापीपलीकडं जैनाबादच्या बागेत झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याला हलवला. जमिनीच्या गोष्टीला मात्र ना तारीख आहे ना सांगणारा. आग्र्याच्या जमिनीचं मात्र उलट आहे : ती राजा जयसिंगाकडून घेतली आणि बदल्यात त्याला हवेल्या दिल्या, याचं बादशाही फर्मान आहे. पाहुण्यांना सांगायचंच तर सहा महिन्यांचं दफन सांगा. ताजमहालाच्या राणीची पहिली कबर तुमच्या गावापासून तासाभराच्या आत आहे, हे बाहेरच्या कित्येकांना ठाऊक नसतं.

प्रश्न : जुन्या पोथ्या आणि कागदांवर आधारलेले किस्से वाचताना शके, फसली, सुहूर असे सन येतात. इसवी सन पटकन कसा काढायचा? गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला असं वाचलं, तेही बरोबर आहे का? (एक वाचक, धुळे)

शकात ७८ मिळवा. पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं. चूक इथंच होते. शिवरायांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. नुसते ७८ मिळवले तर १६२९ येतं. फाल्गुन म्हणून ७९, म्हणजे १६३०, १९ फेब्रुवारी.

दख्खनी फसली सन मृगाच्या सुमारास सुरू होतो. त्यात पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९१ मिळवा. सुहूर सनही मृगालाच पालटतो, त्यात ५९९ किंवा ६००. सुहूरमध्ये आकड्यांऐवजी अरबी संख्यानामं मराठी अक्षरांत लिहिलेली असतात : इसन्ने, सलास, अर्बा, खमस. ती माणसांची किंवा गावांची नावं समजून वाचणारे कमी नाहीत.

न्यूटन-गॅलिलिओचा योग दोन पंचांगांच्या घोटाळ्यातून जमलेला आहे. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ला वारला, ही नव्या म्हणजे ग्रेगरियन पंचांगातली तारीख. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही इंग्लंडच्या जुन्या पंचांगातली. तिथं नवं पंचांग १७५२मध्ये आलं. दोन्ही तारखा एकाच पंचांगात मांडल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ येतो. योग हुकला, अवघ्या चार दिवसांनी.

प्रश्न : नातवंडांना रात्री असे किस्से सांगायचे आहेत. वाचून दाखवले तर पोरं पेंगतात. काय चुकतं? (एक आजी, शहादा)

वाचून दाखवता हेच चुकतं, आजी. पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं. दुपारी एकदा वाचा, रात्री आपल्या बोलीत सांगा. अहिराणीत सांगितलं तर आणखी उत्तम. पोरानं "मंग काय व्हयनं?" विचारलं की समजा, जमलं.

एका रात्री एकच किस्सा, पाच मिनिटांचा. नाव शेवटी सांगा. "एक पंचविशीचा पोरगा होता, चाच्यांनी त्याला समुद्रात धरलं" अशी सुरुवात करा. चाच्यांनी सोडायला वीस टॅलेंट (टॅलेंट म्हणजे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी मागितली, तर हा हसला. म्हणाला, मी कोण ते माहीत नाही तुम्हाला, पन्नास मागा! अडतीस दिवस त्यांच्यात राहिला, त्यांनाच कविता ऐकवायचा, झोपताना गप्प बसा म्हणून हुकूम सोडायचा आणि वर म्हणायचा, सुटलो की तुम्हाला सुळावर चढवीन. त्यांना थट्टा वाटली. तो सुटला, जहाजं घेऊन परत आला आणि बोलल्याप्रमाणं केलं. मग सांगा : तो ज्युलियस सीझर. ही गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं लिहिलेली आहे. शेवट कितपत उघड करायचा ते पोराच्या वयावर ठरवा. सहा-सात वर्षांच्या पोराला "पकडून शिक्षा दिली" एवढं पुरे.

दोन गोष्टी टाळा. "गंमत ऐका हं, शेवटी काय होतं की" असं म्हणून शेवट आधीच फोडू नका. आणि शेवटाला "म्हणून आपण नेहमी" असं काही जोडू नका, पोरं तिथंच कूस बदलतात. दहा-बारा वर्षांच्या पोरांना वस्तू हातात देऊन सांगा. १४ ऑक्टोबर १९१२ला अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टवर गोळी झाडली गेली. ती खिशातल्या चष्म्याच्या धातूच्या घरातून आणि दुमडलेल्या पन्नास पानी भाषणातून जाऊन छातीत अडली, आणि तशाच अवस्थेत त्यानं तासाहून जास्त वेळ भाषण केलं. पन्नास कागद मोजून दुमडा, पोराच्या हातात द्या, मग सांगा.

प्रश्न : वाचनालयासाठी अशी पुस्तकं घ्यायची आहेत. दुकानात उभ्या उभ्या काय पाहावं? (वाचनालयाचे एक कार्यकर्ते, एरंडोल)

तुम्हाला नीट ठाऊक असलेल्या एका माणसाचा किस्सा काढा. त्यात वर्ष, गाव आणि नात्यांची चूक नसेल तर बाकी पुस्तकाला संधी द्या. मग कोणतीही पाच पानं उघडून पाहा. पाचांपैकी तीनांत वर्ष नसेल तर पुस्तक खाली ठेवा. शेवटी नावांची सूची हवीच, नाहीतर वाचकाला पुन्हा काही सापडत नाही. परदेशी नावं एकाच पुस्तकात दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली दिसली तर संपादन झालेलं नाही असं समजा. मुखपृष्ठावरच्या आकड्याला भुलू नका. पाचशे किश्श्यांच्या पुस्तकात एकेकाला पाव पान येतं, आणि पाव पानात माणूस मावत नाही.

प्रश्न : किस्सा खोटा निघाला की सगळी मजा जाते. मग कशाला तपासायचं? (एक वाचक, यावल)

प्रत्येक किस्सा तपासू नका, ते कोणी करत नाही. पण तपासलेल्यांत बऱ्याचदा मूळच्याहून चांगली गोष्ट हाती लागते. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं नाही. पण १७२६च्या एप्रिलात, म्हातारपणी, जेवणानंतर झाडांच्या सावलीत चहा घेताना त्यानं स्वतः विल्यम स्ट्यूकली या मित्राला सांगितलं की सफरचंद पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार असाच सुचला होता. स्ट्यूकलीनं ते लिहून ठेवलं. म्हणजे फळ खरं, टेंगूळ खोटं. आइन्स्टाइन गणितात नापास झाला, हेही तसंच. त्याच्या हयातीतच हे छापून आलं आणि १९३५मध्ये कात्रण दाखवल्यावर त्यानं साफ सांगितलं की गणितात मी कधी नापास झालो नाही, पंधराव्या वर्षाच्या आत कलनशास्त्र येत होतं. आणि जॉर्ज वॉशिंग्टननं बापाचं चेरीचं झाड तोडून खरं कबूल केलं, ही सत्यवचनाची गोष्ट विम्स नावाच्या चरित्रकारानं आपल्या पुस्तकाच्या १८०६च्या आवृत्तीत घुसडली. खरं बोलण्याचा धडा देणारी गोष्टच रचलेली! याहून मजा ती कोणती?

प्रश्न : खानदेशातल्या माणसांचे असे किस्से कॉलेजच्या अंकासाठी गोळा करायचे आहेत. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, जळगाव)

वहीपेक्षा टाचणं म्हणजे सुटी कार्डं घ्या, पाच इंच बाय तीन इंचांची. एका टाचणावर एकच किस्सा. वर माणसाचं नाव, मग गाव आणि तारीख, मग सांगणाऱ्याच्याच शब्दांत प्रसंग, खाली "कोणी सांगितलं, त्याला कुठून कळलं, मी कधी ऐकलं". मागच्या बाजूला दुसरा पुरावा सापडला तर तो. वहीत हेच लिहिलं की पुढे माणूस, गाव किंवा काळानुसार लावता येत नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

ऐकायला जाल तेव्हा परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. "तुम्ही पाहिलं की ऐकलं?" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. साल आपण सुचवू नका, माणसं मान डोलावतात. "तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा? थोरला मुलगा केवढा होता?" असं विचारलं की काळ आपोआप सापडतो. फैजपूरचं १९३६चं अधिवेशन, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं, त्याच्या आठवणी आता बहुतेक मुलांकडून किंवा नातवंडांकडूनच मिळतील. त्या घ्याच, पण टाचणावर "ऐकीव" असं स्पष्ट लिहा. गर्दीचे, अंतरांचे, पैशांचे आकडे प्रत्येक पिढीत फुगतात. जेवणाचे, कपड्यांचे, वाहनाचे तपशील त्या मानानं टिकतात.

मनातलं आणि घडलेलं वेगळं ठेवा. बालकवी ५ मे १९१८ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, हे घडलेलं. त्या क्षणी कोणती कविता डोक्यात होती, हे सांगणाऱ्याच्या मनातलं. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत, हे घडलेलं. रोज रात्री पंजाब मेलची वाट पाहत ते कोणासाठी जागायचे, याच्या कहाण्या गावात खूप मिळतील. त्या दुसऱ्या टाचणावर जाऊ द्या.

कागदांसाठी धुळे गाठा. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच वारले, आणि त्यांनी गोळा केलेली कागदपत्रं सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ तिथं आहे. रामदासी हस्तलिखितांसाठी त्याच गावात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जाण्याआधी चौकशी करा आणि नेमकं काय हवं ते लिहून न्या. "काही जुनं दाखवा" म्हटलं की कोणीही दाखवत नाही. १८८०चं खानदेश गॅझेटिअर जरूर चाळा, पण तो सरकारी साहेबांचा दृष्टिकोन आहे. १८२५मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचे शिकारीचे किस्से साहेबांनी साहेबाबद्दल लिहिलेले आहेत. त्याच डोंगरातल्या भिल्लांकडं आउट्रमबद्दल काय सांगतात ते शेजारच्या टाचणावर हवं.

दगडही सोडू नका. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४मध्ये आलेला रॉबर्ट गिल आयुष्य इथंच राहिला. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. तो १८७९मध्ये वारला आणि भुसावळच्या जुन्या इंग्रजी स्मशानभूमीत पुरला आहे. अजिंठा गावातली त्याच्या सहचरीची, पारोची कबर सगळे पाहतात, भुसावळला फारसं कोणी जात नाही. अशा दगडावरची अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, तेल, कुंकू काही लावायचं नाही, त्यानं दगड खराब होतो. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. तिरप्या उन्हात पुसट अक्षरंही सावली धरतात. ढगाळ दिवस असेल तर अंगावर मोठं कापड धरून एका बाजूनं बॅटरी मारा. फोटो समोरून एक आणि दोन्ही कडांनी एकेक काढा. मजकूर ओळीला ओळ ठेवून उतरवा, स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच लिहा. तुटलेल्या जागी अंदाजानं शब्द न भरता तेवढी टिंबं द्या.